एट-बॉल: आधी ८ नंबर बघा, मग पहिला शॉट

ब्रेक झालाय, टेबल मोकळं आहे. सॉलिड घ्यायचे की स्ट्राइप? बहुतेक जण समोर सोपा शॉट दिसेल तो गट घेऊन मोकळे होतात. माझं ऐकाल तर आधी काळा ८ नंबर बघा. तो कुठल्या पॉकेटात जाईल, आणि त्याआधीचा कुठला बॉल पांढऱ्याला बरोबर जागी सोडेल?

समजा, ८ नंबर मधल्या पॉकेटाच्या तोंडाशी आहे आणि आपला ३ नंबर टेबलाच्या अगदी मधोमध. ३ वर कोपऱ्याकडे सरळ स्टॉप शॉट मारला की पांढरा तिथेच उभा राहतो आणि ८ नाकासमोर! म्हणून ३ शेवटपर्यंत राखायचा, कितीही मोह झाला तरी.

चिकटलेले बॉल मात्र लवकर फोडा, आपले एक-दोन सोपे बॉल शिल्लक असतानाच. फोडल्यावर पांढरा कुठेही गेला तरी पुढचा शॉट मिळतो.

पांढरा कुठे जाईल? कट शॉटमध्ये तो फिरकीशिवाय घसरत आदळला, तर पॉट होणाऱ्या बॉलच्या वाटेशी ९० अंशात निघतो. गडगडत आला आणि साधारण अर्धा बॉल लागला, तर मूळ दिशेपासून सुमारे ३० अंश वळतो. हे दोन कोन डोळ्यांत बसले की पोझिशनचं निम्मं काम होतं. एरवी शॉटला थोडा कोन ठेवाच. अगदी सरळ शॉटवर पांढऱ्याला बाजूला न्यायला वावच राहत नाही.

सरावासाठी तीन बॉल आणि ८ टेबलावर पसरा, पांढरा हवा तिथे ठेवा आणि क्रम मोठ्याने बोलून मगच खेळा.