दहावीचं वर्ष: घरोघरच्या समजुती आणि वस्तुस्थिती

घरात कुणी दहावीत गेलं की टीव्हीचं रिचार्ज थांबतं, गावाकडची लग्नं टळतात आणि येणारा प्रत्येक पाहुणा 'मग, नव्वदच्या वर ना?' असं विचारून जातो. परीक्षा जवळ आली की पालकांचे उपाय आणखी वाढतात. यातले बरेचसे उपाय मुलांच्या अभ्यासाला फारसे उपयोगी पडत नाहीत. त्यांनी पालकांची धाकधूक तेवढी कमी होते. अशाच काही समजुती तपासून पाहू.

गैरसमज: पहाटे चारला उठून केलेला अभ्यासच लक्षात राहतो.

वस्तुस्थिती: पहाटे शांतता असते हे खरं. पण किशोरवयात शरीरातलं झोपेचं चक्र पुढे सरकतं. झोप आणणारं मेलाटोनिन हे संप्रेरक रात्री उशिरा स्रवू लागतं. त्यामुळे पंधरा वर्षांचं मूल दहाला अंथरुणावर पडलं तरी त्याचा डोळा लागत नाही. हा आळस नाही, वयाचा भाग आहे. १३ ते १८ या वयात रोज ८ ते १० तास झोप हवी असते. साडेअकराला झोपलेल्या मुलाला चारला उठवलं, तर त्याच्या वाट्याला निम्मीच झोप येते. दिवसभर वाचलेलं मेंदूत पक्कं होण्याचं बरंचसं काम झोपेतच चालतं, म्हणजे झोप कापली की अभ्यासही कापला जातो. शिवाय बोर्डाचा सकाळचा पेपर अकराला सुरू होतो. डोकं ताजं हवं ते त्या वेळी.

गैरसमज: धडा पाच वेळा वाचला की पाठ झालाच.

वस्तुस्थिती: पुन्हापुन्हा वाचल्याने मजकूर ओळखीचा वाटतो, पण ओळखीचं वाटणं वेगळं आणि पुस्तक मिटून आठवणं वेगळं. रोडिगर आणि कार्पिके या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. काहींनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी तो न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर मात्र आठवून लिहिणाऱ्यांच्या लक्षात जास्त राहिलं होतं.

इथे पालकांना खरं काम आहे. भूमितीचं प्रमेय तुम्हाला येत नसलं तरी चालेल. पुस्तक तुमच्या हातात घ्या आणि 'सांग बघू, काय होतं त्यात?' एवढंच विचारा. अडलं तर लगेच उत्तर सांगू नका, थोडं आठवू द्या. तोच धडा तीन-चार दिवसांनी पुन्हा विचारा.

गैरसमज: थोडी भीती घातल्याशिवाय मुलं अभ्यास करत नाहीत.

वस्तुस्थिती: थोडा ताण मुलांना जागं ठेवतो, हे खरं आहे. पण परीक्षेचा तेवढा ताण त्यांना शाळेत, क्लासमध्ये आणि मित्रांकडूनच मिळतो. घरच्यांनी त्यात भर घातली की गणित बिघडतं. गणित सोडवताना आकडे आणि पायऱ्या डोक्यात धरून ठेवाव्या लागतात. 'नापास झालो तर?' हा विचार नेमकी तीच जागा अडवतो. म्हणून घरी फाडफाड येणारं उत्तर परीक्षेत आठवत नाही. 'तुझ्या मावशीच्या मुलाला ९४ टक्के मिळाले' या वाक्याने अभ्यासाचं एकही पान पुढे सरकत नाही.

गैरसमज: पेपर सुटल्याबरोबर उत्तरं ताडून पाहावीत, म्हणजे अंदाज येतो.

वस्तुस्थिती: उत्तरपत्रिका गोळा झाली की त्यातला एकही गुण वाढवता येत नाही. चुकलेलं गणित मात्र पुढच्या पेपरपर्यंत डोक्यात घोळत राहतं. परीक्षा केंद्राच्या फाटकाबाहेर 'सोपा होता की अवघड?' याऐवजी 'भूक लागली का?' असं विचारा. पेपरचा विषय मुलाने स्वतःहून काढला तर ऐकून घ्या. हिशेब शेवटच्या पेपरनंतर करता येतो.

गैरसमज: दहावीत कमी गुण पडले की सगळं संपलं.

वस्तुस्थिती: अकरावीला कोणतं कॉलेज मिळेल, डिप्लोमा किंवा आयटीआयला प्रवेश मिळेल का, हे दहावीच्या गुणांवर ठरतं. तेवढं त्यांचं महत्त्व आहेच. पण नीट किंवा जेईईची गुणवत्ता यादी लावताना दहावीचे गुण धरत नाहीत. राज्य मंडळ सहापैकी सर्वाधिक गुणांचे पाच विषय धरून ५०० पैकी टक्केवारी काढतं, त्यामुळे एक पेपर अवघड गेला तरी तो भरून निघू शकतो. एक-दोन विषय राहिले तर एटीकेटीखाली अकरावीला प्रवेश घेता येतो. वर्ष वाया जाऊ नये म्हणून २०१५ पासून निकालानंतर लवकरच पुरवणी परीक्षा होते. गुणपडताळणी आणि पुनर्मूल्यांकनासाठी अर्ज करता येतो, तसंच श्रेणीसुधारासाठी पुन्हा परीक्षाही देता येते.

गैरसमज: जीव देण्याबद्दल विचारलं तर तोच विचार मुलाच्या डोक्यात येईल.

वस्तुस्थिती: विचारल्याने धोका वाढत नाही. उलट मनात साठलेलं बोलायला वाट मिळते. झोप आणि जेवण बिघडलं, मित्रांशी बोलणं तुटलं, 'मी नसलेलीच बरी' अशी भाषा कानावर आली, तर विषय टाळू नका. शांतपणे आणि सरळ विचारा. उपदेश न करता ऐका, मुलाला एकटं सोडू नका आणि डॉक्टरांची मदत घ्या. केंद्र सरकारची टेलिमानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत मिळते. तिथे मराठीतही बोलता येतं, आणि पालकही फोन करू शकतात.

शेवटी एक विनंती. गुण कमी पडले तर पुढे काय करायचं, हे घरात आत्ताच बोलून ठरवा आणि पहिल्या पेपरच्या आधी ते मुलाला स्पष्ट सांगा. निकालानंतर धीर सगळेच देतात. पण परीक्षेला बसताना मुलाला आधार हवा असेल, तर तो शब्द आधीच दिलेला असायला हवा.