जपलेला आवाज

हिंगोली जिल्ह्यातील नरसी हे गाव संत नामदेवांचे जन्मस्थान मानले जाते. नामदेवांचे अभंग आजही घरोघरी म्हटले जातात. शिखांच्या गुरु ग्रंथसाहिबातही त्यांची 61 पदे आहेत. परंतु नामदेव कोणत्या शब्दावर थांबत, त्यांचा स्वर कसा होता, हे आता कोणासही सांगता येणार नाही. लेखणी शब्द जपते; आवाज मात्र माणसाबरोबर जातो.

1877 साली थॉमस एडिसनने हा आवाज धरून ठेवण्याची युक्ती शोधली. बोलण्याने हवेत कंपने उठतात. त्या कंपनांनी हलणारी सुई मऊ पत्र्यावर खाच कोरी. त्याच खाचेतून सुई पुन्हा फिरवली, की तेच बोलणे ऐकू येई. ध्वनिमुद्रिकेची तबकडी पुढे याच तत्त्वावर तयार झाली.

1931 साली महात्मा गांधी दुसऱ्या गोलमेज परिषदेसाठी लंडनला गेले होते. तेथे कोलंबिया ग्रामोफोन कंपनीने त्यांचा आवाज मुद्रित करण्याची इच्छा दर्शविली. राजकारणावर बोलण्याचे गांधीजींनी नाकारले. 1928 साली 'यंग इंडिया' पत्रात आलेला, ईश्वराविषयीचा आपला जुना इंग्रजी लेख त्यांनी वाचून दाखविला. तबकडीच्या दोन्ही बाजू मिळून हे वाचन सुमारे सहा मिनिटांचे आहे.

मुलांनो, हे वाचन ऐकताना प्रथम आश्चर्य वाटते. त्यात गर्जना नाही, आवेश नाही. एक वृद्ध गृहस्थ संथपणे, एकेक शब्द तोलून वाचत आहेत. 1930 साली ज्यांच्या हाकेसरशी हजारो लोक मिठाच्या सत्याग्रहात तुरुंगात गेले, त्यांचा आवाज एवढा शांत! लोकांना बांधून ठेवणारे बळ आवाजाच्या उंचीत नव्हते, त्यांच्या आचरणात होते. ही गोष्ट छापील लेखातून इतकी स्पष्ट कळली नसती.

असे मोलाचे आवाज आपल्या गावातही आहेत. 17 सप्टेंबर 1948 रोजी निजामाची राजवट संपली आणि मराठवाडा मुक्त झाला. तो दिवस पाहिलेली माणसे आता फार थोडी उरली आहेत. घरी वा शेजारी असे कोणी आजोबा-आजी असतील, तर त्यांच्याजवळ नम्रपणे बसा. त्यांची अनुमती घेऊन त्यांचे बोलणे मोबाइलवर मुद्रित करा. आरंभी त्यांचे नाव, गाव आणि दिनांक अवश्य नोंदवा. नोंद नसलेला आवाज पुढच्या पिढीस परका होतो. आणि हे काम उद्यावर टाकू नका.