एका ‘पासून’ची दोन रूपे

नारायणगाव-मंचरकडील आपल्या दुकानांत वाढलेल्या मुलांना आकडेमोड शिकवावी लागत नाही. बँकेच्या परीक्षेत ती अडतात इंग्रजीपाशी. 2021 च्या निर्णयानंतर सरकारी बँकांची लिपिक परीक्षा मराठीतूनही देता येते. मात्र इंग्रजीचा भाग इंग्रजीतच राहिला. पूर्वपरीक्षेत 20 मिनिटांत 30 प्रश्न, आणि चुकीच्या उत्तराला पाव गुण वजा.

मंचरच्या एका किराणा व्यापाऱ्यांची कन्या माझ्याकडे येते. वय 27, वयोमर्यादा 28; म्हणजे बहुधा ही अखेरची संधी. ‘दुकान 40 वर्षांपासून आहे’ या वाक्यात तिने ‘सिन्स’ लिहिले. दोष तिचा नव्हे. मराठीचा ‘पासून’ दोन्हीकडे चालतो. मी जुनी ठेवपावती पुढे ठेवली : ठेवीची तारीख ती ‘सिन्स’, मुदत ती ‘फॉर’. त्यानंतर ती चूक झाली नाही.

शब्दसंग्रहासाठी मी पाठांतर सांगत नाही. दुकान बंद झाल्यावर ती दिवसाच्या व्यवहारांवर दहा इंग्रजी वाक्ये लिहिते. परवा ‘आउटस्टँडिंग’ शब्द आला. त्याचा अर्थ येणे बाकी असाही आणि उत्कृष्ट असाही, हे ऐकून गल्ल्यावरून वडील उद्गारले, “मग आमची उधारी दोन्ही अर्थांनी तशीच आहे!”