मूत्राशय काढल्यानंतरचे उपद्रव : वृद्ध रुग्ण, त्याचे कुटुंब आणि आपण

सुश्रुताचार्यांनी शारीरस्थानाच्या सहाव्या अध्यायात बस्ति या अवयवाची गणना सद्यःप्राणहर मर्मांत केली आहे. कर्करोगामुळे तो अवयव समूळ काढल्यानंतरही रुग्ण पुढे वर्षानुवर्षे जगू शकतो, हे आधुनिक शल्यशास्त्राचे मोठे यश होय. मात्र वृद्ध वडिलांना रुग्णालयातून घरी आणल्यावर मुलगा किंवा सून पुष्कळदा प्रथम आपल्याकडे अथवा कोपऱ्यावरच्या औषधालयात येते. अशा वेळी मूत्रवह स्रोतसाची नेहमीची चिकित्सा उपयोगी पडत नाही. प्रसंगी तिने अपायच होतो.

डॉ. युजीन ब्रिकर यांनी १९५० साली वर्णिलेली पद्धत आजही सर्वाधिक प्रचारात आहे. लघ्वंत्राचा सुमारे १५ ते २० सें.मी. लांबीचा तुकडा वेगळा करून त्यास दोन्ही मूत्रवाहिन्या जोडतात आणि त्याचे एक टोक पोटाच्या त्वचेवर उघडतात. हा स्टोमा होय. मूत्र तेथून पिशवीत अखंड झिरपत राहते. काही रुग्णांत आतड्याचेच नवे मूत्राशय करतात. त्यांचे प्रश्न निराळे असतात. म्हणून शस्त्रकर्माचे कागद वाचल्याशिवाय औषधाची एकही मात्रा देऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आतड्याचा तुकडा जागा बदलला तरी आपला शोषणाचा स्वभाव सोडत नाही. मूत्रातील अमोनियम व क्लोराईड तो पुन्हा रक्तात घेतो आणि रक्तातील आम्लता वाढते. वृक्क दुर्बल असतील तर हे अधिक घडते. लक्षणे कोणती? अरुची, हृल्लास, ग्लानी, वजन घटणे, श्वास जलद होणे. सत्तरी ओलांडलेल्या माणसात ही लक्षणे पाहून आपण सहज अग्निमांद्य किंवा जराजन्य दौर्बल्य म्हणतो आणि रसायन सुरू करतो. तसे न करता प्रथम रक्तातील बायकार्बोनेट, पोटॅशियम व क्रिएटिनिन तपासून घ्यावे. दोष आढळल्यास सोडा बायकार्बची मात्रा शल्यविशारद किंवा वृक्करोगतज्ज्ञच ठरवतील.

येथे श्वेतपर्पटीविषयी विशेष सांगणे आवश्यक वाटते. लघवीची तक्रार म्हटली की ही पुडी हातात पडते. तिच्यात नवसागर आहे, म्हणजे अमोनियम क्लोराईड. तो आम्लता वाढवतो. सोऱ्यातील व यवक्षारातील पोटॅशियम दुर्बल वृक्कांना झेपत नाही. दुकानातून केवळ तोंडी मागणीवर या वस्तू अशा रुग्णास देऊ नयेत. तसेच आतड्याची जोडणी ताजी असताना तीव्र विरेचन अथवा बस्तिकर्म शल्यविशारदांच्या संमतीविना करू नये.

दुसरा नेहमीचा प्रसंग लघवीच्या अहवालाचा. पिशवीतील मूत्रात जंतू व पूयपेशी जवळजवळ नेहमीच सापडतात, आणि पांढरा चिकट स्राव हा आतड्याचा स्वाभाविक श्लेष्मा असतो. तेवढ्यावरून संसर्ग ठरत नाही. नमुना पिशवीतून नव्हे, स्टोमातून निर्जंतुक नळीने घ्यावा लागतो. परंतु थंडी वाजून ताप आला, कुशीत वेदना झाल्या, काही तास पिशवी कोरडीच राहिली, पोट फुगून उलट्या झाल्या किंवा लालसर ओला स्टोमा काळानिळा पडला, तर काढा उकळत बसू नये. त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. पहिल्या काही आठवड्यांत एकाच पायावर सूज आली तरी हाच नियम.

त्वचेचा दाह हा मात्र घरच्यांना सर्वाधिक छळणारा उपद्रव. बहुधा कारण साधे असते: चकतीचे छिद्र मोठे कापले जाते आणि उघड्या त्वचेवर मूत्र साचते. शस्त्रकर्मानंतर सहा ते आठ आठवडे स्टोमा आक्रसत जातो, म्हणून दर वेळी माप घेऊन छिद्र दोन-तीन मि.मी.च मोठे ठेवावे. तेथे तेल, तूप किंवा लेप लावू नये. स्निग्ध त्वचेवर चकती चिकटत नाही आणि गळती वाढते. कोमट पाण्याने धुऊन कोरडे करणे पुरे. सकाळी, पाणी पिण्यापूर्वी चकती बदलणे सोपे जाते. पिशवी निम्मी भरण्याआधीच रिकामी करावी. रात्री मोठी पिशवी जोडल्यास वृद्धास अंधारात उठावे लागत नाही. औषधालयांनी पिशव्या, चकत्या व पट्टे यांची मापे नोंदवून ठेवल्यास त्या घराची धावपळ वाचेल.

गळतीच्या लाजेने अनेक वृद्ध गुपचूप पाणी कमी करतात. विदर्भातील उन्हाळ्यात तर हे वृक्कांवर थेट संकट. हृदय व वृक्कांच्या तज्ज्ञांनी पाण्यावर बंधन घातले नसेल, तर दिवसाकाठी सुमारे दोन लिटर मूत्र व्हावे इतके पाणी आवश्यक आहे. मुलाने रागावून हे साधत नाही. वडिलांशी वैद्याने एकटे बोलावे. पिशवी स्वतः रिकामी करण्यास त्यांनाच शिकवावे. सुनेच्या हाती ते काम सोपवताना दोघांचाही संकोच ध्यानात घ्यावा. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात यासाठी स्टोमा क्लिनिक आहे. तेथील परिचारिका हे प्रत्यक्ष करून दाखवतात. पुढे दरवर्षी वृक्कांची सोनोग्राफी आणि ब-१२ जीवनसत्त्वाची तपासणी होते की नाही, हे आपल्या नोंदवहीत लिहून ठेवावे.