जुन्या गाडीला ऑइल कोणते?

खामगाव-मलकापूरकडे एखादी जुनी पद्मिनी गॅरेजला आली, की गिऱ्हाईक सांगते, ‘सर्वांत भारी ऑइल टाका.’ आमच्या मते येथे भारी म्हणजे महाग नव्हे.

कुर्ल्याला बनलेल्या पद्मिनीचे १०८९ सी.सी.चे इंजिन मूळ फियाटचे, १९५० च्या दशकातल्या बांधणीचे. त्यात कॅमशाफ्ट थेट टॅपेटवर घासतो, मध्ये रोलर नाही. ही घासण सोसायला ऑइलमध्ये जस्त-फॉस्फरसचे मिश्रण लागते. पण फॉस्फरसने नव्या गाड्यांचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब होतो. म्हणून २००४ च्या एपीआय ‘एसएम’ दर्जापासून ५डब्ल्यू-३० सारख्या पातळ ग्रेडमध्ये फॉस्फरसची मर्यादा ०.०८ टक्क्यांवर आणली गेली. २०डब्ल्यू-५० ला ती मर्यादा नाही.

शिवाय आपला उन्हाळा! मे महिन्यात राजूर घाट चढताना ऑइल तापून पातळ होते आणि झिजलेल्या बेअरिंगच्या फटींतून दाब उतरतो. अशा इंजिनाला २०डब्ल्यू-५० बरे. इंजिन घट्ट असेल तर २०डब्ल्यू-४० पुरते.

पिंपातले सुटे ऑइल मात्र नकोच. त्यात गाळलेले जळके ऑइल मिसळले असेल, तर ते मुरलेल्या उस्तादालाही नजरेने ओळखता येत नाही. बेअरिंग गेले की गिऱ्हाईक ऑइलवाल्याला नव्हे, मिस्त्रीलाच धरते. सीलबंद डबा त्याच्यासमोर फोडावा, बिलावर ग्रेड व किलोमीटर लिहावेत. वर्षानुवर्षे उभ्या गाडीत टाकलेले पहिले ऑइल पाचशे किलोमीटरलाच फिल्टरसह बदलावे. सुटलेला काळा गाळ त्याबरोबर निघतो.