पुढचा आस बदलताना

जुने काढून नवे बसवायचे, ही यंत्रांच्या जगातली नेहमीची रीत. अमेरिकेतील काही हौशी मोटारवाले मात्र याच्या उलट करतात. टोयोटाच्या चारही चाकांना जोर मिळणाऱ्या पिकअप गाडीला १९८५ पर्यंत पुढे सलग आस होता. १९८६ च्या नमुन्यापासून कंपनीने तेथे स्वतंत्र सस्पेन्शन दिले. कॅलिफोर्नियातील रुबिकन वाटेवर किंवा युटातील मोआबच्या खडकांवर गाडी नेणारे अनेक जण हे नवे सस्पेन्शन कापून काढतात आणि १९७९ ते १९८५ मधील गाडीचा सलग आस बसवतात. ही माघार कशासाठी?

आधी दोहोंतला फरक पाहू. सलग आस म्हणजे दोन्ही चाकांना जोडणारी एकच भक्कम पोलादी नळी. तिच्या पोटात डिफरन्शिअल व चाके फिरवणारे शाफ्ट असतात. ही नळी पाट्यांच्या स्प्रिंगांना बांधलेली असते. स्वतंत्र सस्पेन्शनमध्ये प्रत्येक चाक आपापल्या आखूड बाहूंवर वरखाली होते आणि डिफरन्शिअल चासीला जखडलेले असते.

आता शाळेत शिकलेली तरफ आठवा. समजा, दोन चाकांत १४० सेंमी अंतर आहे आणि प्रत्येक स्प्रिंग आसाच्या मध्यापासून ४० सेंमीवर, म्हणजे आपल्या बाजूच्या चाकापासून ३० सेंमी आत आहे. डावे चाक दगडावर चढले की डावी स्प्रिंग दबते. तिच्या दाबाचा ३०/१४०, म्हणजे सुमारे पाचवा हिस्सा, आसामार्फत उजव्या चाकावर येतो. शिवाय आस मध्याभोवती कलताना चाक ७ सेंमी हलले तरी स्प्रिंग ४ सेंमीच हलते. त्यामुळे आस सहज कलतो आणि उजवे चाक जमिनीला टेकून राहते. हेच महत्त्वाचे; कारण चाक अधांतरी लटकले की ते नुसतेच गरगरते आणि साध्या डिफरन्शिअलमुळे जोडीच्या चाकालाही जोर मिळत नाही.

दुसरा फायदा उंचीचा. गाडी आदळून खाली दबली की चासीला जखडलेले डिफरन्शिअल दगडाजवळ येते. सलग आसाचे डिफरन्शिअल चाकांबरोबरच राहत असल्याने त्याची जमिनीपासूनची उंची बदलत नाही.

मग कंपनीने बदल केला तो चुकीचा होता काय? मुळीच नाही. बहुतेक गाड्या बहुतेक वेळ रस्त्यावरच धावतात. सलग आसाचे सारे वजन स्प्रिंगांच्या खाली असते. ते प्रत्येक खड्ड्यात चाकांबरोबर उसळते आणि एका चाकाचा धक्का दुसऱ्यालाही बसतो. वेगाने जाताना स्वतंत्र सस्पेन्शनच आरामाचे आणि गाडी ताब्यात ठेवणारे ठरते.

अदलाबदलीचे काम सोपे नाही. जुने बाहू व पीळ खाणाऱ्या पोलादी कांबा काढून पाट्यांचे आधार चासीला वेल्ड करावे लागतात. चाक ज्या खिळीभोवती वळते, ती वरच्या टोकाशी किंचित मागे कललेली ठेवावी लागते. सायकलचा चिमटा असाच कललेला असतो. हा कल चुकला तर वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ होत नाही. स्टिअरिंगचा दांडा आणि पाटे यांच्या हालचाली जुळल्या नाहीत, तर खड्डा लागताच गाडी स्वतःच वळू लागते. ब्रेकची नळी आखूड राहिली, तर चाक खाली झुकताना ती तुटून ब्रेक निकामी होऊ शकतो. गाडी उंच झाली की गुरुत्वमध्यही वर जातो आणि ती उलटण्याचा धोका वाढतो. एका भागाला हात लावला की दहा भागांचा हिशेब करावा लागतो, तो असा.

आपल्याकडे १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ असे बदल करण्यापासून मालकाला रोखते. सलग आस पाहण्यासाठी मात्र अमेरिकेला जायला नको. ताडोबाच्या जंगलात पर्यटकांना फिरवणाऱ्या जिप्सीला पुढेमागे सलग आसच आहेत. २०२३ मध्ये भारतात आलेल्या जिम्नीलाही ते आहेत. तेव्हा 'जुने की नवे' हा प्रश्नच खरा नव्हे. यंत्र कोणत्या वाटेवर चालायचे आहे, हे आधी विचारावे.