फोटो न पाठवता फोटो अडवणं

समजा, ब्रिटनमधल्या एका पंधरा वर्षांच्या मुलीने विश्वासाने कुणाला तरी स्वतःचा खासगी फोटो पाठवला आणि आता तो पसरवण्याची धमकी येतेय. घरी सांगायची हिंमत नाही. अशा मुलांसाठी तिथे 2021 पासून ‘रिपोर्ट रिमूव्ह’ ही सोय आहे. दोन धर्मादाय संस्थांनी त्यात काम वाटून घेतलंय.

मुलांचे फोन 1986 पासून घेणारी ‘चाइल्डलाइन’ मुलीशी बोलते, तिला धीर देते. फोटो मात्र जातो केंब्रिजजवळच्या ‘इंटरनेट वॉच फाउंडेशन’कडे. असली चित्रं जवळ बाळगणं हाच गुन्हा. तपासणीपुरती ती हाताळायची मुभा या संस्थेच्या विश्लेषकांना आहे. ते फोटो बेकायदा आहे का ठरवतात आणि त्याचा ‘हॅश’ काढतात.

हॅश म्हणजे आकडे-अक्षरांची लांबलचक ओळ. अंगठ्याच्या ठशासारखी समजा: ठशावरून माणूस पटतो, पण ठशातून चेहरा काढता येत नाही. साध्या हॅशची खोड अशी, की फोटोतला एक ठिपका बदलला तरी सगळी ओळ बदलते. म्हणून मायक्रोसॉफ्ट आणि प्राध्यापक हॅनी फरीद यांनी 2009 मध्ये ‘फोटोडीएनए’ आणलं. ते आधी चित्राचे रंग काढतं, त्याला ठरावीक मापाचं करतं, चौकोन पाडतं आणि प्रत्येक चौकोनात उजेड-अंधार कसा बदलतो ते मोजतं. मग फोटो लहान केला, थोडा उजळला, तरी ठसा जुळतो.

हे ठसे इंटरनेट कंपन्यांकडे जातात. कुणी तोच फोटो चढवायला गेलं की जुळणी होते, फोटो अडतो. अर्थात, ज्याचा ठसाच काढलेला नाही तो सुटतो. टोकापासून टोकापर्यंत कुलूपबंद संदेशांतही कंपनीच्या सर्व्हरला डोकावता येत नाही. हे भोक मोठं आहे.

मुंबईच्या ‘आरंभ इंडिया’ने याच फाउंडेशनशी हात मिळवून 2016 मध्ये भारतासाठी तक्रारीचं पोर्टल उघडलं, दुवा इथून द्यायचा, छाननी केंब्रिजला. एका अमेरिकी संस्थेची ‘टेक इट डाउन’ ही अशीच सोय इथूनही वापरता येते. त्यात ठसा मुलाच्या फोनवरच निघतो, फोटो बाहेर जातच नाही. मला हे जास्त पटतं.

आणि फोनवरच्या एखाद्या गटात मुलांचं असं चित्र आलंच, तर “बघा काय चाललंय” म्हणून पुढे ढकलणंही माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या 67ब कलमात बसतं. दुवा तेवढा उतरवून राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर टाकावा. या तक्रारीला नाव दिलं नाही तरी चालतं.